स्टेंटची किंमत विचारता, तशी तारीखही विचारा

स्टेंट म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं आणि पाठोपाठ खर्च. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. लाखाच्या पुढे जाणारा औषधी लेप असलेला स्टेंट करांव्यतिरिक्त २९,६०० रुपयांवर आला. त्यामुळे किमतीबद्दल लोक जागरूक झाले, हे चांगलंच झालं. पण दुसरा एक प्रश्न अजून फारसं कोणी विचारत नाही: हा स्टेंट काढायचा आहे का, आणि कधी?

हृदयाच्या रक्तवाहिनीतला धातूचा स्टेंट कायमचा असतो. तो काढत नाहीत. त्याच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नसतात.

मुतखड्याच्या ऑपरेशननंतर घालतात तो डीजे स्टेंट वेगळा. कोल्हापुरात डीजे म्हणजे मिरवणुकीतला दणदणाट, पण इथे अर्थ ‘डबल जे’. या मऊ नळीची दोन्ही टोकं इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वळलेली असतात. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवणं, एवढंच तिचं काम. बहुतेकदा काही आठवड्यांत ती काढतात. पित्तनलिकेतला प्लॅस्टिकचा स्टेंटही असाच, साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो.

डीजे स्टेंट आत असताना वारंवार लघवी होणं, कमरेत दुखणं, लघवी थोडी लालसर होणं चालतं. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरा धोका त्रास थांबल्यावर सुरू होतो. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून स्टेंट विसरला जातो आणि त्याच्यावर क्षार साचून नवा खडा तयार होतो. वेळेवर दुर्बिणीतून काही मिनिटांत निघणारी नळी मग दोन-तीन ऑपरेशनं मागते. कधी किडनीही निकामी होते.

हा सगळा दोष रुग्णाचा, असं म्हणणं मला पटत नाही. हंगामात मराठवाड्यातून आलेला ऊसतोड कामगार इथे स्टेंट घालून घेतो आणि पट्टा पडला की गावी परततो. भुलीच्या गुंगीत तोंडी सांगितलेली तारीख त्याच्या ध्यानात कशी राहणार? डिस्चार्ज कार्डावर सर्वांत वर, ठळक मराठीत ‘स्टेंट आत आहे, या तारखेपर्यंत काढणे’ असं लिहायलाच हवं. प्रत्येक दवाखान्याने स्टेंटची वही ठेवावी आणि तारीख टळली तर फोन करावा. याला खर्च तो किती?

तोवर तुम्ही एवढं करा. घरी जाण्याआधी तारीख लिहून मागा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये टाका. गाव बदललं तरी कार्ड जवळ ठेवा. स्टेंट जवळच्या यूरोलॉजिस्टकडेही काढता येतो. आणि घरात कोणाला पूर्वी डीजे स्टेंट घातला असेल, पण काढल्याचं कोणालाच नक्की आठवत नसेल, तर अंदाज बांधत बसू नका. पोटाचा एक साधा एक्स-रे काढून खात्री करून घ्या.