वेळूच्या पोटातले औषध

संक्रांत जवळ आली की सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास घराघरांतून खोकल्याचा आवाजही ऐकू येऊ लागतो. दिवसा ऊन, पहाटे बोचरी थंडी आणि हवेत धूळ, असे हे दिवस. ज्येष्ठांच्या उशाशी मग एक ओळखीची डबी येते. झाकण उघडताच वेलची-दालचिनीचा गोडसर वास येतो आणि जिभेवर ठेवल्यावर घशाला बरे वाटते. ही डबी सितोपलादी चूर्णाची. या चूर्णाचा सुमारे चौथा हिस्सा वेळूच्या, म्हणजे बांबूच्या, पोटातून येतो, हे मात्र घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. आजच्या लेखात त्या घटकाची, म्हणजे वंशलोचनाची, ओळख करून घ्यावयाची आहे. त्यामागे एक घरगुती कारणही आहे. ते पुढे येईल.

वेळूचे आणि आपले नाते जन्मापासूनचे आहे. बाळाचा पाळणा, धान्य पाखडण्याचे सूप, तांदूळ धुण्याची रोवळी, देवाच्या फुलांची परडी, पाडव्याची गुढी आणि अखेरच्या प्रवासाची तिरडी, या सर्वांना वेळूच लागतो. लग्नात वधूपक्षाकडून दिव्यांनी सजवलेली वेळूची दुरडी वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांच्या मस्तकी धरतात, तिला ऐरणी किंवा झाल म्हणतात. त्या विधीचे जुने नावच वंशपात्रदान असे आहे. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळू आणि ‘वंश’ म्हणजे कूळही. एका कांद्यातून कोंबामागून कोंब फुटत बेट वाढते, तसे घर वाढावे, ही त्यामागची भावना.

हे सारे घडवणारा हात बुरूड कारागिराचा. बाराव्या शतकात, आपल्या सोन्नलगीचे सिद्धराम आणि कल्याणचे बसवेश्वर यांच्या काळात, शरणांच्या मेळ्यात मेदार केतय्या नावाचे एक शरण होते. वेळू तोडून आणावा, त्याच्या टोपल्या-सुपे विणावीत आणि त्या कष्टावर जगावे, हा त्यांचा कायक. आजही बुरूड समाजात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. वेळूच्या पेरात कधी कधी पांढरा खडा सापडतो, हे वेळू फोडणाऱ्या अशा हातांनाच प्रथम कळले असणार.

तो खडा तयार कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. वेळू हे झाड नव्हे. ते गवताच्या कुळातले. आपली मंगळवेढ्याची ज्वारी आणि ऊस हे त्याचे भाऊबंद. ज्वारीच्या शेतातून चालताना पानाची कड हाताला कापून जाते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. ही धार सिलिकाची. जमिनीत विरघळलेली सिलिका गवते पाण्याबरोबर मुळांतून शोषून घेतात आणि पाने-खोडे टणक करण्यासाठी वापरतात. काही वेळूंच्या पोकळ पेरांत हा सिलिकायुक्त रस साचतो, आटतो आणि त्याचे निळसर-पांढरे, ठिसूळ खडे बनतात. तेच वंशलोचन. प्रत्येक वेळूत ते नसते. काटेरी वेळूच्या बेटातही ते मोजक्याच पेरांत सापडते. वेळू हलवून आत खडा खुळखुळतो का, हे ऐकून तो शोधण्याची रीत होती. दुर्मीळ वस्तू महाग असते, आणि महाग वस्तूच्या नावावर दुसरी वस्तू खपवली जाते, हे येथेच ध्यानात ठेवावे.

या खड्याचा आधुनिक विज्ञानातील प्रवास मोठा रंजक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉक्टर पॅट्रिक रसेल यांनी त्याचे नमुने गोळा केले आणि १७९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांची माहिती मांडली. त्यांतील एक चांगला नमुना आपल्या शेजारच्या हैदराबादचा होता. पुढच्याच वर्षी, १७९१ मध्ये, जेम्स मेसी या तरुण रसायनज्ञाने हे खडे तापवून, आम्लात टाकून, क्षारांत विरघळवून पाहिले आणि निष्कर्ष काढला, की हा पदार्थ वनस्पतीतून निघत असला तरी गारगोटीच्या जातीचा आहे. हेच मेसी पुढे जेम्स स्मिथसन म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्या संपत्तीतून वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन ही जगप्रसिद्ध संस्था उभी राहिली. त्यांचा पहिला शोधनिबंध आपल्या वैद्यांच्या बटव्यातील खड्यावर होता. नंतर १८१९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याच्या प्रकाशीय गुणधर्मांचा अभ्यास केला. खडा पाण्यात टाकला की त्यातून हवेचे बुडबुडे निघतात आणि तो पारदर्शक होऊ लागतो. तो इतका सच्छिद्र असतो, की जिभेला लावला तर चिकटतो.

आता पुन्हा आपल्या डबीकडे वळू. सितोपलादीचा पाठ चरकसंहितेत चिकित्सास्थानात आहे. त्याचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. दालचिनी १ भाग, वेलची २, पिंपळी ४, वंशलोचन ८ आणि खडीसाखर १६. एकूण ३१ भाग. खडीसाखरेला संस्कृतात सितोपला म्हणतात आणि तिच्यावरूनच चूर्णाला नाव मिळाले. म्हणजे या डबीतील निम्म्याहून थोडा अधिक भाग साखरेचा आहे, आणि हे कोणी लपवलेले नाही. ते नावातच सांगितलेले आहे.

मधुमेह असलेल्यांनी यावरून घाबरून जाऊ नये, पण हिशेब करावा. एका वेळेस ३ ग्रॅम चूर्ण घेतले तर त्यात साखर सुमारे दीड ग्रॅम जाते. ते एक चहाचा चमचा मधाबरोबर घेतले तर मधातून आणखी साडेपाच-सहा ग्रॅम. दोन वेळचे मिळून १५ ग्रॅमच्या आसपास. मोजून, चार दिवस, वैद्यांना विचारून घेतले तर हा आकडा सांभाळता येतो. डबी उशाशी ठेवून दिवसभर चिमूट-चिमूट चाखली तर तो सांभाळता येत नाही. कारण त्या चिमटी कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट पिंपळीची. पिंपळीतील पिपरीन हे द्रव्य काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते, हे भारतीय संशोधकांनीच दाखवून दिले. जम्मूच्या प्रयोगशाळेने यात मोठे काम केले आहे. फिट येऊ नये म्हणून घेतले जाणारे फेनिटॉइन, दम्यावरील थिओफिलिन आणि प्रोप्रानोलॉल ही अशी काही औषधे. यांपैकी काही रोज चालू असेल, तर चूर्ण सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक आहे. ‘हे तर आयुर्वेदिक, ते काय सांगायचे’ असा संकोच करू नये.

तिसरी गोष्ट खुद्द वंशलोचनाची. संस्कृत ग्रंथांत त्याला तुगाक्षीरी आणि त्वक्क्षीरी अशी नावे आहेत. त्वक्क्षीरीवरून फारसीत ‘तबाशीर’ झाले आणि मराठीत ‘तवकीर’. पण मराठी घरांतील तवकीर म्हणजे हळदीच्या कुळातील एका कंदाचे सत्त्व, उपासाला किंवा पोट बिघडल्यावर ज्याची लापशी करतात ते. एकच नाव दोन पदार्थांना मिळाले आणि दुर्मीळ पदार्थाची जागा सहज मिळणाऱ्या पदार्थाने घेतली. आजच्या बाजारात वंशलोचन म्हणून पुष्कळदा हे सत्त्व किंवा कारखान्यात बनवलेली सिलिकाच मिळते.

घरी सुटे वंशलोचन आणून चूर्ण करणाऱ्यांसाठी एक सोपी कसोटी आहे. त्याची चिमूट अर्ध्या वाटी पाण्यात उकळावी. खळीसारखे दाट होऊ लागले तर ते कंदाचे सत्त्व आहे, वेळूचे नव्हे. थंड झाल्यावर त्यात टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला आणि निळा-काळा रंग आला, तर शंकाच उरत नाही. हे पाणी अर्थातच टाकून द्यावे. मात्र ही परीक्षा तयार चूर्णावर करू नये, कारण पिंपळीत स्वतःचा पिष्ट अंश असतो आणि चांगले चूर्णही निळे पडेल. कारखान्यातील सिलिका तर या कसोटीने ओळखू येणारच नाही. म्हणून तयार चूर्ण घेताना घटकांची यादी, बनवल्याची तारीख आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक पाहून घ्यावे.

आता घरगुती कारण. काही वर्षांपूर्वी आमच्या मावशींना असाच थंडीत खोकला सुरू झाला. वय ७८, मधुमेह जुना. त्यांच्या सांगण्यावरून सितोपलादीची डबी मीच आणून दिली. खोकला थोडा निवे, पुन्हा येई. जेवण कमी झाले, तेव्हा ‘वयाने भूक मंदावते’ असे आम्ही म्हटले. चोळी सैल झाली, तेव्हा ‘थंडीत अंग सुकते’ असे त्या स्वतःच म्हणाल्या. ताप नव्हता, म्हणून कोणालाच शंका आली नाही. डबी संपली की दुसरी येई. सहा आठवडे असे गेल्यावर, मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत वजन पाच किलोंनी उतरलेले दिसले आणि डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे व थुंकीची तपासणी सांगितली. निदान क्षयाचे निघाले. सहा महिने औषधे नियमाने घेऊन त्या पूर्ण बऱ्या झाल्या. पण त्या सहा आठवड्यांत त्यांच्याजवळ लहान नात झोपत होती, ही आठवण आजही मला टोचते. नातीची तपासणी झाली आणि ती सुखरूप आहे, एवढेच समाधान.

यात चूर्णाचा दोष नव्हता. नंतर मी तो पाठ पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा एक गोष्ट प्रथमच डोळ्यांत भरली. चरकाने सितोपलादी सांगितले आहे ते राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, अध्यायात. ज्या ग्रंथातून आम्ही डबी घेतली, त्याच ग्रंथातील त्या अध्यायाचे नाव आम्ही वाचले नव्हते. खोकल्यामागे मोठा रोग असू शकतो, ही जाण त्या पाठाच्या जागेतच आहे.

म्हणून काळजी घेणाऱ्यांना काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर घरातील कोणतेही औषध चालू असो, थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत ती मोफत होते, आणि क्षय निघाल्यास औषधेही मोफत मिळतात. मधुमेह असलेल्यांना क्षयाचा धोका दोन ते तीन पट अधिक असतो. वृद्धापकाळात ताप येईलच असे नाही. वजन घटणे, भूक जाणे आणि थकवा एवढीच लक्षणे असू शकतात. त्यासाठी महिन्यातून एकदा वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवावे.

प्रत्येक लांबलेला खोकला क्षयाचाच असतो असेही नाही. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. आडवे होताच खोकला आणि दम वाढत असेल, पाय सुजत असतील, तर हृदयाची तपासणी हवी. जेवताना किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, विशेषतः पक्षाघातानंतर, तर अन्न श्वासमार्गात जात असल्याची शक्यता असते. थुंकीत रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये. आणि चूर्ण कोणतेही असो, ते ज्येष्ठांच्या तोंडात कोरडे टाकू नये. बारीक भुकटी श्वासाबरोबर आत जाऊन जीव घाबरा होतो. ते तुपात किंवा मधात कालवून, बसत्या स्थितीत द्यावे.

आपल्या पूर्वजांनी वेळू फोडून, खडा पारखून, त्याचा पाठ बांधला. तीच पारख आपण सोडून दिली आणि केवळ डबी तेवढी सांभाळली, तर तो वारसा अर्धाच हाती आला असे म्हणावे लागेल. या संक्रांतीला तिळगूळ देताना घरातील ज्येष्ठांना एक प्रश्न जरूर विचारावा, ‘खोकला किती दिवसांचा?’ उत्तर पंधरा दिवसांच्या पुढचे आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन तपासणीला जावे. यात्रेची गर्दी पुढच्या वर्षीही असणार आहे. आपली माणसे ती पाहायला असावीत.