लहान नौका, मोठे बळ

१९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीसमोरच्या समुद्रात शिरून ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली, त्या पराक्रमाचे स्मरण आपण प्रतिवर्षी नौदल दिनी करतो. परंतु ज्या नौका जेमतेम दोनशे टनांच्या, मुळात किनाऱ्याच्या संरक्षणाकरिता सोव्हिएत देशात घडविलेल्या आणि प्रत्येकी केवळ चार क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या होत्या, त्यांना शत्रूच्या मुख्य बंदरावर धाडण्याची जोखीम ॲडमिरल नंदा यांच्या नौदलाने पत्करली, या धाडसी बुद्धिमत्तेचे मोल मला त्या स्फोटांहूनही अधिक वाटते.

वेग हेच या नौकांचे सर्वस्व, हा समज मात्र अपुरा आहे. अल्प इंधनाच्या या नौकांच्या सोबतीला ‘किल्तान’ व ‘कच्छल’ ही पाणबुडीविरोधी जहाजे होती, आणि ‘पोषक’ हे तेलवाहू जहाज नसते तर मोहिमेचा सारा बंदोबस्तच कोलमडला असता. म्हणून या मोहिमेची कथा मुलांना सांगताना ‘पोषक’वरील खलाशांचाही उल्लेख व्हावा, आणि नौदलाच्या तरतुदीत नव्या नौकांइतकाच पैसा अशा रसदवाहू जहाजांसाठीही निःसंकोचपणे मंजूर व्हावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.