किशोरीचा ‘ब्रह्मचारी’

मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’चा (१९३८) विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, त्यात किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या. दुसरं, तो हॉलिवूडच्या प्रेमविनोदाची मराठी नक्कल आहे. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या या चित्रपटाची बोळवण एवढ्यावर होते, आणि ती मला घोर अन्यायाची वाटते.

नक्कल म्हणणाऱ्यांनी आधी साल पाहावं. काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने १९३४ मध्ये या प्रकाराला जगभर नाव मिळवून दिलं, त्याची हवा कोल्हापूरपर्यंत आली असेल. पण ‘ब्रह्मचारी’शी खरं साम्य आहे ते हॉक्सच्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’चं, आणि तो १९३८चाच. तिथे हाडांच्या सांगाड्यात बुडालेल्या, दुसरीशी लग्न ठरलेल्या कॅरी ग्रँटचा पिच्छा कॅथरिन हेपबर्न पुरवते. तिचा झगा मागून फाटतो तेव्हा तो हॅटने झाकत, तिच्या पाठीला चिकटून पावलाला पाऊल जुळवत तिला बाहेर नेतो. शास्त्रज्ञाची सगळी प्रतिष्ठा त्या चार पावलांत गळून पडते. इथे नायक औदुंबर देशभक्त जटाशंकराचं व्याख्यान ऐकून भिंतीवरच्या नट्यांची चित्रं काढून टाकतो, ब्रह्मचर्याचं पुस्तक आणतो, व्यायामाला लागतो, आणि किशोरी समोर येताच सगळा निग्रह डळमळतो. हे चित्रपट लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांना परदेशातून आणावं लागलं नाही. एका खुळापायी सगळं घर वेठीला धरणारा गृहस्थ त्यांनी १९३३ मध्येच ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकात उभा केला होता. त्याही आधी देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ने (१९१६) नवराबायकोच्या भांडणातून हसू कसं उकळतं हे दाखवलं होतं. देवलांचं मूळ मोलियरचं, हे खरं. पण त्यातला फाल्गुनराव आपलाच झाला ना?

राहिला पोशाख. त्याने गर्दी खेचली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाण्यात उतरलेली पोहणारी मुलगी पोहण्याचे कपडे घालते, यात वावगं काय? रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या पुळणीवर आजही बहुतेक बायका साडीत नाहीतर पंजाबी ड्रेसमध्येच लाटेत उतरतात, आणि भिजून जड झालेला पदर, ओढणी सावरण्यात त्यांचा अर्धा आनंद जातो. किशोरी १९३८ मध्ये तो जाच बाजूला सारून मजेत गाते. त्या दृश्यातली खरी गंमत तिच्या अंगावर काय आहे यात नाही, औदुंबराची जी त्रेधा उडते तिच्यात आहे. त्या पोशाखातलं छायाचित्र तेवढं कापून जपणाऱ्यांनी नेमकं हसू बाहेर टाकलं.

यावर कुणी म्हणेल, ही तर जुनीच मेनका. बाई म्हणजे तपोभंग. मला हे पटत नाही. मेनकेला इंद्राने धाडलं होतं, आणि काम झाल्यावर ती निघून गेली. किशोरीला कुणी धाडलेलं नाही. तिला हा माणूस हवा आहे आणि ती ते उघड सांगते. मराठी पडद्यावर लाजणाऱ्या, रडणाऱ्या, सोसणाऱ्या नायिका उदंड होत्या. स्वतःहून हसत पुढाकार घेणारी तेव्हा विरळा होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वातंत्र्यलढा चालू असताना, औदुंबर जिथे दाखल होतो त्या आचार्य चंडीरामाच्या स्वावलंबन संस्थेसारख्यांची खिल्ली उडवणं शोभतं का? शोभतं. हसू देशकार्याचं नाही. बाईपासून दूर पळालं की देशभक्ती सिद्ध होते, या समजुतीचं आहे. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आघाडीवर राहिलेल्या अत्र्यांना त्यागाचं मोल कळत नव्हतं, असं कोण म्हणेल?

‘ब्रिंगिंग अप बेबी’ तेव्हा फारसा चालला नाही, पण अभ्यासकांनी तो पुन्हा पाहिला आणि आज त्याची गणना श्रेष्ठ विनोदपटांत होते. ‘ब्रह्मचारी’ला प्रेक्षकांनी उचलून धरलं, पण अभ्यास त्याच्या एका छायाचित्रापाशीच अडला. फिल्म सोसायट्यांनी हे दोन्ही चित्रपट एकाच संध्याकाळी, लागोपाठ आणि पूर्ण दाखवावेत, आधी ‘ब्रह्मचारी’.