स्यूडोवायरच्या कामात आधी क्लॉक

एसडीएचचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत आणि ती यंत्रणा हाताखालून गेलेली पिढी निवृत्त होत आहे. त्यामुळे ई-वन सर्किटे एमपीएलएसवर हलवण्याचे प्रस्ताव आता जवळपास प्रत्येक ट्रान्समिशन विभागात आहेत. प्रस्ताव योग्यच आहेत. आमचा आक्षेप त्यांच्या मांडणीला आहे: बँडविड्थचा हिशेब पानेच्या पाने असतो आणि क्लॉकला जेमतेम एक ओळ मिळते.

बँडविड्थचा भाग खरे तर सोपा आहे. २००६ च्या आरएफसी ४५५३ मधली सॅटॉप पद्धत ई-वनच्या आत काय आहे ते पाहतच नाही. २.०४८ मेगाबिटचा प्रवाह २५६ बाइटच्या तुकड्यांत कापायचा, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक पॅकेट. कंट्रोल वर्ड, दोन लेबले आणि इथरनेटचा भार धरून लिंकवर साधारण २.४५ मेगाबिट लागतात. तीसपैकी सहाच टाइमस्लॉट वापरात असतील तर सीईएसओपीएसएनने तेवढेच न्यावेत. ८०० किलोबिटच्या आत काम होते.

खरी अडचण पलीकडच्या टोकाला येते. तारेवरून येणाऱ्या ई-वनमध्ये बिटांबरोबर त्यांची गतीही येत असे. पॅकेट नेटवर्कमध्ये ती वाटेतच गळते आणि बाहेर पडणाऱ्या पोर्टला ती नव्याने बांधावी लागते. ॲडाप्टिव्ह पद्धतीत पॅकेटे सरासरी किती वेगाने येत आहेत यावरून अंदाज केला जातो. रात्री नेटवर्क मोकळे असताना हा अंदाज उत्तम बसतो. दिवसा लोड वाढला, वाटेतल्या रांगा लांबल्या, की तो हळूहळू सरकू लागतो. क्लॉकमध्ये दशलक्षात एक एवढा फरक कायम राहिला तरी दर १२५ सेकंदांना एक फ्रेम स्लिप होते. बोलणाऱ्याला ते कळतही नाही, पण मोडेमवर चालणारी सर्किटे अडखळतात. ज्या जीएसएम बेस स्टेशनला ई-वनमधूनच संदर्भ मिळतो, त्याला तर हवेत अब्जात ५० भागांची अचूकता राखायची असते. आणि या सगळ्या काळात एनएमएसवर पोर्ट हिरवाच दिसतो.

म्हणून दोन्ही टोकांना समान संदर्भ देणे शक्य असेल तिथे डिफरेन्शियल पद्धतच घ्यावी. सिंक्रोनस इथरनेट असेल तर तो संदर्भ घरातच आहे. आणि दोन्ही बाजूंचे टर्मिनल एकमेकांकडूनच क्लॉक घेत नाहीत ना, हे कमिशनिंगच्या दिवशीच पाहावे. असे वर्तुळ तयार झाले तर पहिले काही तास सारे सुरळीत वाटते.

वीज पारेषणातल्या वाचकांसाठी एक मुद्दा याहून गंभीर आहे. लाइन डिफरेन्शियल रिले दोन्ही टोकांचा करंट एकाच क्षणी मोजलेला आहे असे धरून तुलना करतो. वाटेतला विलंब तो जाऊन-येऊन लागलेल्या वेळेच्या निम्मा मानतो. एसडीएचवर जाण्या-येण्याची वाट एकच ठेवली की हे गृहीतक सहसा टिकत असे. स्यूडोवायरमध्ये प्रत्येक टोकाचा जिटर बफर स्वतंत्रपणे भरतो. एका दिशेला ३ आणि दुसरीला ५ मिलिसेकंद लागले, तर रिलेची १ मिलिसेकंदाची चूक होते. ५० हर्ट्झवर ती १८ अंश भरते. एवढ्याने धडधाकट लाइनमध्ये दोष दिसू लागतो आणि लोड जास्त असेल तर ती ट्रिप होण्याचीही शक्यता असते. पाथ बदलल्यावर बफर पुन्हा स्थिरावतो तो क्षण सर्वांत धोक्याचा. अशा सर्किटांना दोन्ही दिशांची वाट एकच ठेवणे आणि बफर ठरावीक मापाचा असणे सक्तीचे करावे. पर्यायी मार्गावर जातानाही दोन्ही दिशा एकत्रच वळाव्यात. रिलेला उपग्रहावरून वेळ मिळत असेल तर फारच चांगले, पण तो संदर्भ गेल्यावर रिले काय करतो हेही विचारून घ्यावे.

हे सारे निविदेतच लिहायला हवे. स्वीकृती चाचणीत बिट एरर मोजून थांबू नये. नेटवर्कवर मुद्दाम चढउताराचा लोड टाकून बाहेरच्या पोर्टवरचा वाँडर निदान चोवीस तास मोजावा आणि तो जी.८२३ च्या मर्यादेत बसतो का ते पाहावे. प्रत्येक दिशेचा विलंब वेगळा नोंदवावा, मग फायबर काढून पाथ बदलायला लावावा आणि तो पुन्हा मोजावा. हे आकडे हाती येईपर्यंत जुन्या एसडीएच रिंगची वीज कोणी बंद करू नये.