अंतराळस्थानकाची रसद आणि पर्यायी मार्गांचे महत्त्व

पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात नोव्हेंबर २००० पासून मानवाचे अखंड वास्तव्य आहे. हे वास्तव्य ज्या मानवरहित मालवाहू यानांमुळे शक्य झाले, त्यांची दखल मात्र बहुधा अपघातानंतरच घेतली जाते.

या वाहतुकीचा प्रारंभ सोव्हिएत संघाने केला. जानेवारी १९७८ मध्ये पहिले ‘प्रोग्रेस’ यान ‘सॅल्यूत-६’ स्थानकाला जोडले गेले. अन्न, पाणी व इंधन पोहोचविण्याबरोबरच, विरळ वातावरणाच्या घर्षणामुळे हळूहळू खाली येणारे स्थानक पुन्हा उंचावण्याचे कामही ही याने करतात. परतताना त्यांत कचरा भरला जातो व ती वातावरणात जळून नष्ट होतात.

फेब्रुवारी २००३ मध्ये कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा बळी घेणाऱ्या ‘कोलंबिया’ दुर्घटनेनंतर अमेरिकी शटलची उड्डाणे थांबली. तेव्हा स्थानकावरील कायम पथक तिघांवरून दोघांवर आणावे लागले आणि रसदीचा भार ‘प्रोग्रेस’वर पडला. एकच मार्ग उरला की काय होते, याचा तो धडा होता.

पुढील कसोटी अधिक कठीण होती. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत ‘सिग्नस’, ‘प्रोग्रेस’ व ‘ड्रॅगन’ अशी तीन मालवाहू याने गमावली गेली. तरीही स्थानक रिकामे करावे लागले नाही. काही महिन्यांचा राखीव साठा हाताशी होता आणि तिन्ही अपघातांची कारणे वेगवेगळी होती. जुलै २०१५ मध्ये दुसरे ‘प्रोग्रेस’ व ऑगस्टमध्ये जपानचे ‘कोनोतोरी’ यान सुखरूप पोहोचले. निरनिराळी याने व अग्निबाण बाळगणे खर्चिक असते. परंतु त्या खर्चाचे मोल अशाच वेळी कळते.

भारतासाठी हा अनुभव मोलाचा आहे. १६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्पेडेक्स’ मोहिमेत दोन उपग्रह अवकाशात जोडून भारत हे तंत्र साध्य करणारा चौथा देश ठरला. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचे उद्दिष्टही देशाने ठेवले आहे. स्थानक उभारणे हा एका पर्वाचा प्रश्न असतो, तर त्याला रसद पुरविणे ही वर्षानुवर्षांची जबाबदारी असते. त्यामुळे मालवाहू यान आणि त्याला पर्यायी मार्ग यांचा विचार आराखड्यातच होणे अगत्याचे आहे.