कापलेल्या कडा आणि १० पैकी ८

१/ ट्रेडिंग कार्डाला गुण देऊन ते प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या संस्थांचा दाखला आज पुरावा मानला जातो. वस्तुतः ते केवळ एक मत असते. या व्यवसायाचा प्रारंभच त्याची साक्ष देतो.

२/ १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डे वाटली. त्यांत होनस वॅग्नरचे कार्ड अत्यंत दुर्मीळ.

३/ त्याची एक प्रत १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात ४,५१,००० डॉलरला गेली. पीएसए या नवजात संस्थेने दाखला दिलेले हेच पहिले कार्ड. गुण : १० पैकी ८. २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर पोहोचली.

४/ कडा कापलेल्या कार्डाला गुण द्यायचे नाहीत, हा पीएसएचाच नियम. २०१३ मध्ये मात्र लिलावदार बिल मास्ट्रो यांनी कबूल केले, की या कार्डाच्या कडा त्यांनीच कापल्या होत्या.

५/ दाखल्यामुळे अनोळखी व्यक्तीशीही व्यवहार करता येतो, हा समर्थकांचा युक्तिवाद खरा आहे. परंतु ‘८’ हा अंक परीक्षकाला त्या दिवशी काय दिसले, एवढेच सांगतो. वस्तूवर पूर्वी काय घडले, हे सांगत नाही. शिवाय झिजलेल्या कडांचे गुण कापणारी पद्धत कात्रीलाच आमंत्रण देते.

६/ नाणे असो, ताम्रपट असो वा कार्ड, इतिहासाच्या अभ्यासकाने पहिला प्रश्न अंकाचा विचारू नये. ती वस्तू कोणाकोणाच्या हातांतून आली, हे आधी विचारावे.