दोष रायफलीचा की व्यवस्थेचा?

लोहारा (जि. यवतमाळ), विशेष प्रतिनिधी

यवतमाळ शहरालगतच्या लोहाऱ्यातून किंवा विदर्भातील अशाच कोणत्याही वस्तीतून एखादा तरुण लष्करात वा केंद्रीय राखीव पोलिस दलात दाखल झाला, की गेली दोन दशके त्याच्या हाती बहुधा एकच शस्त्र पडत आले. ते म्हणजे स्वदेशी बनावटीची 'इन्सास' रायफल. लष्करात तिची जागा आता 'एके-२०३' आणि 'सिग-७१६' या रायफली घेत आहेत. मात्र इन्सासला निरोप देताना ती नेमकी कशामुळे बदनाम झाली, याचा हिशेब मांडला गेला नाही तर तेच दोष नव्या नावाने परत येण्याचा धोका आहे. या हिशेबात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. रायफलीचा आराखडा पुण्यातील पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने केला, तर तिच्या काडतुसांची जबाबदारी जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आयुध निर्माणीवर होती.

रायफल ऐनवेळी थांबते, तेव्हा जवानांच्या भाषेत त्याला 'रोक' म्हणतात. गोळी मॅगझिनमधून नीट वर न येणे, काडतूस न उडणे, रिकामी पुंगळी चेंबरमध्येच चिकटणे किंवा बाहेर पडताना अडकणे, असे तिचे प्रकार आहेत. कारणेही तितकीच निरनिराळी असतात. कधी मॅगझिनचे ओठ वाकलेले असतात, कधी दारूची काजळी साचलेली असते, कधी स्प्रिंग थकलेली असते, तर कधी काडतुसाच्या मापात किंवा दारूत फरक असतो. त्यामुळे 'रायफल अडकली' हे विधान निदान नसून केवळ लक्षण आहे. निदान करायचे तर आराखडा, कारखाना, दारूगोळा आणि देखभाल या चारही बाजू एकत्र तपासाव्या लागतात. इन्सासच्या बाबतीत घोडे नेमके येथेच पेंड खात राहिले.

कारगिलची परीक्षा

१९८० च्या दशकात जुन्या ७.६२ मिलिमीटर 'एसएलआर'ला पर्याय म्हणून हलक्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाची निवड झाली. मूळ कल्पना एक रायफल, एक हलकी मशिनगन आणि एक कार्बाइन अशा कुटुंबाची होती. वायूच्या दाबावर मागेपुढे होणारा दट्ट्या आणि फिरून बंद होणारा बोल्ट हे तत्त्व रशियन कलाश्निकोव्हच्या धर्तीचे होते. कलाश्निकोव्हची सर्वत्र उडणारी फैर मात्र येथे नव्हती. गोळ्यांची उधळपट्टी टाळण्यासाठी एकेक गोळी किंवा तीन गोळ्यांची फैर एवढीच सोय ठेवण्यात आली. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ही रायफल देशासमोर आली.

तोपर्यंत बराच उशीर झाला होता. रायफल तयार होऊ लागली, तरी तिची काडतुसे देशात पुरेशी तयार होत नव्हती आणि मोठा साठा इस्रायलकडून आणावा लागला. मधल्या काळात काश्मीरमधील दहशतवादाशी लढण्यासाठी परदेशातून सुमारे एक लाख कलाश्निकोव्ह रायफली घेण्यात आल्या. त्यामुळे जवानांना तुलनेसाठी एक मापदंड आयताच मिळाला.

१९९९ च्या कारगिल युद्धात, कडाक्याच्या थंडीत, इन्सासची प्लास्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. तीन गोळ्यांच्या फैरीवर ठेवलेली रायफल सलग गोळ्या झाडू लागते, गोळीबार करताना तेल डोळ्यांत उडते, असेही सांगितले गेले. पुढे सुधारित आवृत्ती आली. पण डाग पुसला गेला नाही. ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळमधील कालिकोट येथे माओवाद्यांच्या हल्ल्यात ४३ नेपाळी सैनिक मारले गेले. भारताने दिलेल्या इन्सास रायफली लढाई रंगात आली असताना बंद पडल्या, असा जाहीर आरोप नेपाळी सैन्याने केला. भारतीय बाजूने वापर व देखभालीतील त्रुटींकडे बोट दाखवले गेले. २०१४ मध्ये केंद्रीय राखीव पोलिस दलानेही नक्षलग्रस्त भागासाठी इन्सासऐवजी एके रायफलींची मागणी केली आणि पुढील वर्षी बदल सुरू झाला.

ही मागणी समजून घेण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील लाहेरीजवळच्या चकमकीत १७ पोलिस शहीद झाले. त्या घटनेचे खापर रायफलीवर फोडता येणार नाही. मात्र दाट जंगलात मदत पोहोचण्यास वेळ लागतो आणि तोवर जवानाचा सारा भरवसा हातातील शस्त्रावर असतो, हे वास्तव अशा चकमकींत उघडे पडते. तेथे शंभर गोळ्यांत एक 'रोक' हीदेखील चैन परवडणारी नसते.

एकमेकांकडे बोट

आराखडा पाषाणचा, उत्पादन ईशापूर, कानपूर व तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांचे, तपासणी गुणवत्ता हमी महासंचालनालयाची आणि वापर जवानाचा, अशी ही विभागणी होती. तक्रार आली, की संशोधक कारखान्याच्या सफाईवर, कारखाना वारंवार बदलणाऱ्या मागण्यांवर आणि दोघेही जवानाच्या देखभालीवर बोट ठेवत. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य असेलही. पण संपूर्ण रायफलीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर एकाकडेही नव्हते. ग्राहक ठरलेला आणि स्पर्धा नाही, अशा स्थितीत दोष लवकर दुरुस्त करण्याची निकडही कोणाला वाटली नाही.

ही कथा केवळ भारताची नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची 'एम-१६' रायफल अडकून सैनिक मृत्युमुखी पडले, तेव्हा १९६७ मध्ये तेथील काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. चाचण्यांनंतर काडतुसातील दारू बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि रायफलीला फारशा सफाईची गरज नाही, असा समज पसरल्याने सफाईचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. हे तिन्ही दोष दूर होताच तीच रायफल पुढे अनेक दशके चालली. ब्रिटनच्या 'एसए-८०' रायफलीची १९९१ च्या आखाती युद्धात शोभा झाली. पुढे जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीकडून सुमारे दोन लाख रायफली सुधारून घेण्यात आल्या. दोन्ही देशांनी दोष उघडपणे मान्य केला, म्हणून तो दुरुस्त झाला. भारतात चौकशीऐवजी नवी निविदा काढण्याचा मार्ग पत्करला गेला. दोन मापांच्या नळ्या बदलून वापरता येतील, अशा रायफलीसाठीची २०११ ची निविदा २०१५ मध्ये रद्द झाली. ईशापूरची नवी ७.६२ मिलिमीटर रायफलही २०१७ मध्ये लष्कराच्या चाचणीत नापास झाली.

आता तीन काडतुसे

अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२ हजार ४०० 'सिग-७१६' रायफलींचा करार अमेरिकी कंपनीशी झाला आणि २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांची मागणी नोंदवली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील कोरवा येथे सहा लाखांहून अधिक 'एके-२०३' तयार करण्याचा करार झाला. या दोन्ही रायफलींच्या नावापुढे ७.६२ हा आकडा असला, तरी काडतुसे वेगळी आहेत. एकाची गोळी दुसरीत चालत नाही. त्यातच २०२५ मध्ये पाषाणच्याच संस्थेने आराखडा केलेली व पुण्याच्या भारत फोर्जने बनवायची ५.५६ मिलिमीटर कार्बाइन लष्कराच्या निविदेत सर्वांत कमी बोलीची ठरली. म्हणजे पायदळाला यापुढेही तीन काडतुसांचा पुरवठा सांभाळावा लागणार आहे. शस्त्र अव्वल आणि दारूगोळा दुय्यम, अशी गत झाली तर नवी रायफलही अडकेल, हे 'एम-१६'ने दाखवून दिले आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात, तर शस्त्रांची कानपुरात आहे. या विभागणीने कार्यक्षमता वाढेल, असा सरकारचा दावा आहे. मात्र गोळी आणि बंदूक यांचे मालक वेगळे झाल्याने, 'दोष आमचा नाही' असे म्हणण्यास आणखी एक जागा निर्माण झाली, हेही नाकारता येणार नाही. प्रत्येक 'रोक'ची तुकडीनिहाय नोंद, त्या काडतुसांच्या उत्पादन गटाचा शोध आणि निष्कर्षाची जबाबदारी एकाच यंत्रणेवर, एवढी तरी व्यवस्था आवश्यक आहे. पाषाणच्या नव्या कार्बाइनची खरी कसोटी चाचणी मैदानावर लागणार नाही. पहिली तक्रार आल्यानंतर ती कोण ऐकतो आणि किती दिवसांत दुरुस्त करतो, यावर ती ठरेल. लोहाऱ्यातून भरती होणाऱ्या तरुणाला रायफल देशी की परदेशी, याचे फारसे सोयरसुतक नसते. घोडा दाबल्यावर ती चालली पाहिजे, एवढीच त्याची मागणी असते आणि ती पुरी करणे हे व्यवस्थेचे कर्तव्यच आहे.